बुडीची खाट

फळ्यावर सात ठिपके काढले आणि विचारलं, "हे काय?" एक मुलगी पटकन म्हणाली, "मॅडम, ही तं बुडीची खाट हाय. अन् मागं तीन चोर." वर्ग हसला. मीही हसले. "चूक. सप्तर्षी म्हण," असं सांगून पुढे गेले.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवते. त्या दिवसानंतर त्या मुलीनं माझ्या तासाला हात वर करणंच सोडलं.

पुढे काही महिन्यांनी एक लेख वाचनात आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड गावांत फिरून तिथलं आकाशज्ञान टिपलं. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात म्हातारीची खाट होती, ती चोरणारे तिघंही होते. आपण ज्याला मृग म्हणतो, त्यातल्या ताऱ्यांचा नांगर होता. वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी चुकली नव्हती, मीच तिला गप्प केलं होतं!

मार्चमध्ये रात्री नऊला मुलांना मैदानात नेलं. तिलाच म्हटलं, "तू दाखव बरं तुझी खाट." आधी लाजली, मग घडाघडा सांगू लागली. मी फक्त जोड दिली. चोरांपासून लांबचे खाटेचे दोन पाय जोडायचे, ती रेघ पाचपट उत्तरेकडे न्यायची, की ध्रुवतारा सापडतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. ध्रुव क्षितिजापासून दोन मुठी वर, म्हणजे २० अंश. आमच्या गावाचे अक्षांशही जवळपास तेवढेच! मुलं मुठी मोजत बसली.

मग तीच म्हणाली, "आजा म्हणते, वरचा नांगर दिसेनासा झाला का खालचा काढाव." मी विचारलं, "का दिसेनासा होतो?" सगळे विचारात पडले. जूनमध्ये सूर्यच त्या ताऱ्यांपाशी असतो, त्याच्या उजेडात नांगर दिसणार कसा? आपण 'मृग लागला' म्हणतो, ते याचंच नाव.

परीक्षेत ती सप्तर्षीच लिहील, लिहायलाही हवं. त्यासाठी खाट पुसायचं मात्र काही कारण नव्हतं. आता तिचा हात सगळ्यात आधी वर होतो.

मैत्रिणींनो, तुमच्या आजीकडे, सासूबाईंकडेही या ताऱ्यांचं एखादं नाव असेल. एकदा मुलांसमोर विचारून बघा ना!