वेष्टनाचा हिशेब किलोत

प्लॅस्टिकच्या वेष्टनाची जबाबदारी माल गेटबाहेर गेला की संपत नाही, हे कायद्याने आता किलोच्या हिशेबात सांगितले आहे. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दुरुस्ती झाली आणि विस्तारित उत्पादक जबाबदारीसाठी, म्हणजेच ईपीआरसाठी, वर्षवार उद्दिष्टे ठरली. बाजारात जितके वेष्टन सोडले, त्यातल्या २५ टक्क्यांची विल्हेवाट २०२१-२२ साठी दाखवायची होती. पुढच्या वर्षी ७० टक्क्यांची आणि २०२३-२४ पासून पूर्ण १०० टक्क्यांची. त्याचा पुरावा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर द्यावा लागतो.

नवी मुंबईच्या उत्तर टोकाला असलेल्या दिघ्याला ही गोष्ट दूरची नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात रसायने, औषधे, छपाई, यंत्रांचे सुटे भाग असे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत आणि त्यांतले बरेच लहान आहेत. पट्ट्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. तिथले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नाल्यात गेलेले प्लॅस्टिक पावसाळ्यात याच खाडीत उतरते.

राज्याची प्लॅस्टिकबंदी २३ मार्च २०१८ ची. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व कैद, ही तरतूद दुकानदारांच्या चांगलीच लक्षात राहिली. कारखानदाराला मात्र ईपीआर जास्त जवळून लागू होते आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो आपण कोण आहोत हा. वेष्टन बनवणारा उत्पादक, परदेशातून वेष्टन किंवा वेष्टनातला माल आणणारा आयातदार आणि स्वतःच्या नावाने माल विकणारा ब्रँडधारक, असे तीन मुख्य वर्ग आहेत. सूक्ष्म आणि लघु ब्रँडधारकांना उद्दिष्टांतून सूट आहे. पण एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटी रुपये आहे. व्यवसाय वाढला की सूटही जाते. शिवाय न्हावाशेवा बंदरातून परदेशी कच्चा माल मागवणाऱ्याला त्या मालाभोवतीच्या प्लॅस्टिकचा हिशेब आयातदार म्हणून द्यावा लागतो. सूट आहे म्हणून कागद ठेवायचेच नाहीत, ही सवय महागात पडते, कारण मोठा ग्राहक स्वतःच्या हिशेबासाठी लहान पुरवठादाराकडेच आकडे मागतो.

म्हणून तयारीची सुरुवात वजनकाट्यापासून करावी. खरेदीच्या बिलावर बहुधा नगांची संख्या असते, वजन नसते. प्रत्येक प्रकारची पिशवी, बाटली, झाकण, स्ट्रेच फिल्म एकदा वजन करून नोंदवली की वर्षाचा हिशेब बिलांवरूनच निघतो. ही नोंद वर्गवार हवी. कडक प्लॅस्टिक पहिल्या वर्गात, लवचीक प्लॅस्टिक दुसऱ्यात, प्लॅस्टिकबरोबर कागद किंवा ॲल्युमिनियम फॉइलसारखा दुसरा पदार्थ जोडलेले बहुस्तरीय वेष्टन तिसऱ्यात आणि कंपोस्ट होणारे प्लॅस्टिक चौथ्यात. उत्पादकाने मोठ्या ब्रँडधारकाला पुरवलेला माल उत्पादकाच्या हिशेबातून वजा होतो. तेवढी नोंद नसेल तर दुसऱ्याचा बोजाही त्याच्याच माथी बसतो.

या पट्ट्यात ठळकपणे दिसणारी वस्तू म्हणजे निळा ड्रम. २०० लिटरचा रिकामा ड्रम साधारण आठ-दहा किलोचा, म्हणजे शेकडो पिशव्यांच्या वजनाचा. ४.९ लिटर आणि त्यापुढच्या कडक वेष्टनासाठी ब्रँडधारकांना २०२५-२६ मध्ये ७० टक्के पुनर्वापराचे उद्दिष्ट आहे आणि २०२८-२९ पर्यंत ते ८५ टक्क्यांवर जाते. ड्रम परत आणण्याची व्यवस्था विक्रीच्या करारातच लिहिली, ड्रमवर क्रमांक घातला आणि परतीच्या गाडीत जागा ठेवली, तर हे गाठता येते. घातक रसायनाचा ड्रम मात्र वेगळा ठेवलाच पाहिजे. घातक कचरा नियमांनुसार तो अधिकृत व्यावसायिकाकडेच द्यायचा असतो. धुतला न धुतला असा ड्रम भंगारातून वस्तीत जातो आणि त्यात पिण्याचे पाणी भरले जाते, हा धोका कोणत्याही दंडापेक्षा मोठा आहे.

पहिल्या वर्गाच्या वेष्टनात २०२५-२६ साठी ३० टक्के पुनर्चक्रित प्लॅस्टिक वापरायचे आहे. दुसऱ्यात १० आणि तिसऱ्यात ५ टक्के. खाद्यपदार्थ आणि औषधांना त्यांचे स्वतंत्र कायदे लागू असल्याने तिथे नुसता स्वस्त दाणा मिसळून भागत नाही. फॉइलचे पाऊच तर वेगळे करायलाच अवघड. शक्य तिथे एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे पाऊच घेणे हाच शहाणपणाचा बदल आहे, पण ओल आणि हवा अडवण्याची चाचणी घेतल्याशिवाय तो करू नये.

उद्दिष्ट स्वतः गाठता आले नाही तर नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडून प्रमाणपत्रे विकत घेता येतात. सोय म्हणून ती उपयोगी आहेत, तयारी म्हणून अपुरी. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत काही पुनर्चक्रण कंपन्यांची लाखो प्रमाणपत्रे खोटी निघाली. ती विकत घेणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे फिटत नाही. विक्रेत्याचा कारखाना प्रत्यक्ष पाहणे, त्याची क्षमता विकलेल्या टनांशी जुळते का हे तपासणे, एवढे तरी करायलाच हवे. उद्दिष्ट हुकले तर पर्यावरण भरपाई भरावी लागते. कमतरता पहिल्या वर्षात भरून काढल्यास भरपाईतले ७५ टक्के परत मिळतात, दुसऱ्या वर्षात ६० आणि तिसऱ्यात ४०.

निर्यातदारांचा धडा आणखी मोठा आहे. युरोपीय संघाचे वेष्टनविषयक नियम ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अमलात आले, १२ ऑगस्ट २०२६ पासून त्यांची प्रत्यक्ष अंमलबजावणी ठरली आहे आणि २०३० पर्यंत तिथले प्रत्येक वेष्टन पुनर्चक्रण करता येण्याजोगे हवे. भारतातही कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांसाठी अशाच जबाबदारीचा मसुदा डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे नोंदवहीत प्लॅस्टिकच्या शेजारी पुठ्ठ्याचे खोके, पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या यांचेही रकाने आताच पाडावेत.