माध्यम, अध्यापन आणि अध्ययन-निष्पत्ती

ऑनलाइन शिक्षण वर्गशिक्षणाइतके परिणामकारक असते काय, हा प्रश्न मार्च २०२० नंतर आपल्याकडील प्राध्यापक-कक्षांत ऐरणीवर आला. शिक्षणसंशोधनात तो जुनाच आहे. आणि प्रश्नाची मांडणीच सदोष आहे, हा आक्षेपही जुना आहे. (मराठीत ‘माध्यम’ म्हटले की शिक्षणाची भाषा डोळ्यांपुढे येते. येथे हा शब्द पाठ विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविणाऱ्या साधनासाठी योजला आहे.)

अमेरिकन संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले की, माध्यम हे केवळ वाहन होय. किराणा वाहून आणणाऱ्या मालमोटारीने आपल्या पोषणात फरक पडत नाही, तसा माध्यमाने अध्ययनात पडत नाही. पडतो तो अध्यापनपद्धतीमुळे. रॉबर्ट कोझ्मा यांना हे मान्य नव्हते. माध्यमाचे गुणधर्म आणि पद्धती एकमेकींपासून विलग करता येत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९९९ मध्ये टॉमस रसेल यांनी ३५५ अभ्यास संकलित करून ‘लक्षणीय फरक नाही’ या निष्कर्षाची वारंवारता दाखविली. अर्थात फरक सिद्ध न होणे आणि फरक नसणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे येथे विसरता येत नाही.

अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या अहवालाचे (२००९, सुधारित २०१०) उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील ५० तुलनांच्या विश्लेषणात ऑनलाइन अध्ययन किंचित सरस ठरले. वर्गशिक्षणाची जोड असलेले मिश्र अध्ययन अधिक सरस ठरले. परंतु अशा विद्यार्थ्यांना पुष्कळदा जादा वेळ व जादा अध्ययनसामग्रीही मिळाली होती, हे अहवालकर्त्यांनीच नमूद केले आहे. मग श्रेय पडद्याचे की वेळेचे?

सरासरी आणखी एक गोष्ट झाकते. वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांच्या ४०,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी डी शू व शॅना जॅगर्स यांनी अभ्यासिल्या (२०१४). ऑनलाइन अभ्यासक्रमांत सर्वच गटांची कामगिरी घसरली. मात्र पुरुष, वयाने लहान, कृष्णवर्णीय आणि आधीच कमी गुण असलेले विद्यार्थी अधिक मागे पडले. म्हणजे वर्गात ज्यांच्याकडे शिक्षकाचे लक्ष सर्वाधिक जावयास हवे, नेमके तेच.

साहित्याच्या अध्यापकापुढे याहून मूलभूत अडचण आहे: मोजावयाचे काय? २०२० मध्ये माझ्या पदवीवर्गाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची झाली आणि गुण भरघोस वाढले. कविता वाचून दाखविताना समोर केवळ बंद कॅमेऱ्यांचे चौकोन असत. कुठे थांबावे, कोणती ओळ पुन्हा वाचावी, हे सांगणारे चेहरे नव्हते. महाविद्यालय उघडल्यावर त्याच विद्यार्थ्यांना एका अपरिचित कवितेचे रसग्रहण लिहावयास दिले. बहुतेकांनी कवीचे नाव विचारले, मग काव्यसंग्रहाचे. प्रतिमेविषयी लिहिणारे चार निघाले. त्यांपैकी दोघे टाळेबंदीच्या काळात दर आठवड्यास हस्तलिखित टिपणाचे छायाचित्र पाठवीत आणि मी त्यावर शेरे लिहून परत धाडीत असे. इतरांकडून मी तशी टिपणे मागितलीच नव्हती.