हृदयाचे चित्र

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, की आपले हृदय म्हणजे तडा गेलेले मडके, जरा श्रम होताच ते फुटेल, असे पुष्कळ रोग्यांना वाटू लागते. वस्तुतः स्नायूचा मृत झालेला भाग काही आठवड्यांत घट्ट वणाने सांधला जातो व उरलेला स्नायू काम चालवितो.

न्यूझीलंडमधील ऑक्लंड येथे अशा रोग्यांकडून त्यांच्या हृदयाची चित्रे काढून घेण्यात आली. ती काही चित्रकलेची परीक्षा नव्हती! ज्यांनी हृदयावर इजा रेखाटली, ते कामावर उशिरा परतले, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. तत्पूर्वी, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तेथीलच एका प्रयोगात, रुग्णालयातच रोग्यांच्या समजुती विचारून त्या दुरुस्त केल्या गेल्या. तेव्हा ही मंडळी इतरांहून लवकर कामावर रुजू झाली.