आजाराचा रोल नंबर

सहावीत असताना मला ताप आला, घसा सुजला. एमआय रूममध्ये इंजेक्शन भरून झाले होते. तेवढ्यात नर्सिंग असिस्टंट साहेबांनी विचारले, "कशाची ॲलर्जी आहे का?" पेनिसिलीन चालत नाही, हे आईने माझ्याकडून पाठ करून घेतले होते, म्हणून सांगता आले. फाइलीत ते नव्हतेच. बाबांच्या तीन पोस्टिंगमध्ये माझ्या तीन फाइली झाल्या आणि ती नोंद पहिलीतच राहिली.

आता कोणी म्हणेल, सगळे कॉम्प्युटरवर टाका. पण एक डॉक्टर 'पेनिसिलीन नको' लिहितात, दुसरे 'औषधाने पुरळ'. आपल्याला अर्थ कळतो. कॉम्प्युटरला ही दोन वेगळी वाक्ये दिसतात.

यावर इंग्लंडमधल्या लफबरो गावचे फॅमिली डॉक्टर जेम्स रीड यांनी १९८० च्या दशकात उपाय काढला. त्यांनी प्रत्येक आजाराला, लक्षणाला, औषधाला छोटा कोड दिला. हे 'रीड कोड'. त्यांची रचना आपल्या हाउस, सेक्शन, रोल नंबरसारखी आहे. १ म्हणजे रुग्णाने सांगितलेली माहिती, १४ म्हणजे पूर्वीचा इतिहास, १४एल म्हणजे औषधाची ॲलर्जी आणि १४एल१ म्हणजे पेनिसिलीनची. डॉक्टर कोणत्याही शब्दांत बोलोत, कोड एकच.

हे काम फॅमिली डॉक्टरलाच सुचावे यात मला नवल वाटत नाही. तेच घर ते वर्षानुवर्षे बघतात. ब्लडप्रेशरचे कोणते रुग्ण सहा महिन्यांत फिरकले नाहीत, हे त्यांनाच हवे असते. कोड असले की कॉम्प्युटर ती यादी लगेच काढतो.

१९९० मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने हे कोड विकत घेतले. पुढे ते अमेरिकेतल्या तशाच एका शब्दसंग्रहात मिसळून २००२ मध्ये 'स्नोमेड सीटी' तयार झाले. भारतात त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे.

मला एएफएमसीला जायचे आहे. बाबा विचारतात, "डॉक्टर होणार की कॉम्प्युटरवाला?" मी डॉ. रीड यांचे नाव सांगतो.

एमआय रूममधल्या माझ्या कार्डावर आता लाल पेनने 'पेनिसिलीन नाही' लिहिले आहे. पावसाळ्यात शाई जरा पसरली, पण वाचता येते.