वाळू तापली की माद्याच

वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा उकरते आणि शंभरेक अंडी घालून परतते. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते: साधारण ३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर. वाळू अशीच तापत गेली तर नर दुर्मीळ होतील.

त्यात समुद्र चढतोय. पूर्वी किनारा मागे सरकला की घरटीही मागे सरकत. आता मागे रिसॉर्ट, रस्ता, बंधारा. मला जास्त धास्ती या बंधाऱ्यांची वाटते. शिवाय दिव्यांनी भुलून पिल्लं समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. हंगामापुरते तरी ते दिवे विझवणं गावाच्या हातात आहे.