चाक जागेवर फिरू नये म्हणून

ड्रॅग रेसची गाडी सुटताना वजन मागच्या चाकांवर सरकतं. चाकांना पकड मिळावी म्हणून मागच्या सस्पेन्शनच्या दांड्यांची उंची त्याच हिशेबाने जुळवतात. तासगावच्या द्राक्षबागेत ब्लोअर ओढणाऱ्या ट्रॅक्टरला सस्पेन्शन नसतं, पकड मात्र तितकीच हवी. फळछाटणीनंतर परतीचा पाऊस झाला की काळ्या रानात चाक जागेवर फिरतं, आणि नेमकी तेव्हाच डावणी रोगावरची फवारणी टाळता येत नाही. खात्रीचा उपाय पाण्याच्या वजनाचा: व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून मागच्या टायरमध्ये साधारण ७५ टक्के पाणी भरायचं, उरलेली हवा. चाक ८ ते १५ टक्के घसरलं तर चालतं. त्यापुढे नुसतं डिझेल जळतं. रुतलेला ट्रॅक्टर काढताना साखळी ड्रॉबारलाच लावा. टॉप लिंकला लावली की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.