पटकथेचा नमुना कसा बांधावा?

दिवाळी सरली की आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र रंगतात. अशा नाटकाला गेलात, तर एकदा प्रॉम्प्टरकडे जरूर पाहा. नटाचे लक्ष प्रेक्षकांकडे असते, याचे मात्र मांडीवरच्या वहीकडे. ती वही सपाट उघडली नाही, किंवा तिच्यातले एक पान निसटले, की समोर तलवार उपसून उभा असलेला राजा मुका झालाच म्हणून समजा!

वाचकहो, पटकथेचे काही वेगळे नाही. आपल्या भागातली पुष्कळ मुले हल्ली लघुपट लिहितात. स्पर्धेसाठी किंवा एखाद्या संस्थेसाठी पटकथेचा नमुना, म्हणजे दहा-पंधरा पाने, छापून पाठवायची वेळ आली की माझ्याकडे येतात. "सर, बाइंडिंग कसं करू? सोनेरी अक्षरांचं करू का?" मी म्हणतो, "बाबा रे, हा काय तुझा पदवीचा प्रबंध आहे?"

बांधणी कशासाठी, हे आधी समजून घ्या. आपल्या धानाच्या व्यापाऱ्याची जुनी चोपडी लाल कापडात घट्ट शिवलेली असे. का? तर मधले पान कुणाला काढता येऊ नये म्हणून. पटकथेचे नेमके उलटे. ती वाचणारा पाने सुटी करून प्रती काढील, एखादे पान सहकाऱ्याच्या हाती देईल, पुन्हा ओवून ठेवील. म्हणून तिची बांधणी अशी हवी, की पाने आपोआप सुटू नयेत, पण सोडवू म्हटले तर क्षणात सुटावीत, आणि टेबलावर प्रत सपाट उघडी राहावी. या तीन गोष्टी साधल्या की काम झाले.

या कसोटीवर नेहमीचे प्रकार घासून पाहू. टाचणी वाईटच, ती बोटाला टोचते आणि गळून पडते. स्पायरल दिसते छान, सपाट उघडतेही. पण टपालात तिचे वेटोळे चेपते, आणि एक पान काढायचे म्हटले तर सारी तार उलगडावी लागते. प्लास्टिकची पट्टी सरकवून पाने धरणारी फाइल सपाट उघडत नाही, आणि पाने जास्त झाली की पट्टीच निसटते. पुठ्ठ्याची पक्की बांधणी खर्चाची, वजनाची आणि इथे निरुपयोगी. पाच-सहा पानेच असतील, तर वरच्या डाव्या कोपऱ्यात स्टेपलरची एक पिन पुरे.

त्याहून जास्त पाने असली की भोके पाडून ओवणे उत्तम. अमेरिकेतल्या चित्रपटसृष्टीत पानाला तीन भोके पाडून वरच्या आणि खालच्या भोकात पितळेच्या दुपाखी पिना घालण्याची रीत आहे. मधले भोक रिकामेच ठेवतात. आपल्याकडे दोन भोकांचे पंचिंग मशीन कोणत्याही कचेरीत मिळते. त्याच्या दोन भोकांत ८० मिलिमीटर अंतर असते, आणि कागदाच्या कडेपासून ती सुमारे १२ मिलिमीटर आत पडतात. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच. त्याच्या मध्यावर पेन्सिलीने खूण करा आणि मशीनची खूण तिच्याशी जुळवा. एका वेळी थोडीच पाने घ्या, म्हणजे भोके वाकडी जात नाहीत. मशीन नसेल, तर राइस मिलमध्ये पोती शिवायचा दाभण घ्या, खाली लाकडी पाट ठेवा आणि बेताने टोचा.

आता सरकारी फायलीला असतो तो टॅग घ्या, म्हणजे बुटाच्या नाडीसारखी, टोकांना पत्रा असलेली दोरी. दोन्ही टोके मागून पुढे काढा आणि सुरगाठ मारा. निरगाठ नको! गाठ किंचित सैल असू द्या, म्हणजे पाने मोकळी उलटतात. पुढे-मागे एकेक जाड साधा कागद लावला की पहिले आणि शेवटचे पान चुरगळत नाही.

पण बांधणीची सुरुवात टंकलेखनापासूनच होते. पानाच्या डाव्या बाजूला दीड इंच समास सोडा. नाहीतर भोके थेट संवादांवर पडतात. प्रत्येक पानावर क्रमांक आणि पटकथेचे नाव घाला. पहिल्या पानावर लेखकाचे नाव-पत्ता असावा. स्पर्धेने नाव लिहू नका म्हटले असेल, तर मात्र मुळीच लिहू नका. एका पानाला पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा इंग्रजी पटकथांचा ठोकताळा आहे. मराठीत अक्षराच्या आकाराप्रमाणे तो थोडा बदलतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. विद्यार्थी असताना मी एका संस्थेला अकरा पानांचा नमुना पाठवला होता. टाचणी लावलेली, पानांवर क्रमांक नाहीत. दोन महिन्यांनी तो परत आला, तेव्हा नववे पान सर्वांत वर होते आणि शेवटचे पान नव्हतेच. सोबत एक ओळ होती : 'कथेचा शेवट स्पष्ट होत नाही.' शेवट मी लिहिला होता हो! पण तो कुणाच्या हाती पडलाच नाही. आणि दुसरी प्रत मी ठेवली नव्हती.

म्हणून एक प्रत घरी ठेवाच. लिफाफा ए-फोरपेक्षा थोडा मोठा घ्या, आत पुठ्ठा घाला, पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी. नेहमीच्या ८० ग्रॅमच्या कागदाचे एक पान ५ ग्रॅमचे. म्हणजे पंधरा पाने ७५ ग्रॅमच भरतात. संस्थेने सुटी पाने मागितली, तर सुटीच द्या. तिचा नियम शेवटचा. संगणकावरची पीडीएफ मागितली, तरी एकच फाइल, क्रमवार पाने, हे पथ्य तेच.

गोंदियाहून मुंबई रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर. तिथे आपल्या वतीने बोलायला कुणी नसते; आपली पानेच बोलतात. ती क्रमाने आणि शेवटापर्यंत बोलावीत, एवढे काम एका टॅगचे आणि एका सुरगाठीचे आहे.